डेव्ह ग्रेगरी पुस्तिका : कामाच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आज इथे सिडनीत एका मैत्रिणीकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आम्ही बायका आत आणि पोरं बाहेर टीव्हीसमोर, आणि त्यांचं तेच चालू होतं, भारत ऑस्ट्रेलियाशी टेस्ट सिरीज ३-१ हरला ते कुणामुळे. मी तिळगूळ घेऊन बाहेर गेले तेव्हा एकाने विचारलं की ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात पहिला कॅप्टन कोण. कुणी ब्रॅडमन म्हणालं, कुणी बॉर्डर म्हणालं. मला नाव माहीत होतं, डेव्ह ग्रेगरी, पण पुढे काय सांगायचं ते सुचेना. घरी येऊन शोधलं तर पहिलीच ओळ अशी : क्रिकेटपटू आणि सरकारी नोकर. १८६१ साली न्यू साउथ वेल्सच्या ऑडिट ऑफिसात लागला, १८८३ ला सरकारी हिशेबांचा इन्स्पेक्टर झाला, १८९७ ते १९०८ ट्रेझरीचा पेमास्टर. म्हणजे ४७ वर्षं नोकरी. आणि टेस्ट किती खेळला, तर ३. सगळीकडे त्या ३ मॅचवर पानंच्या पानं आणि ४७ वर्षांवर एक ओळ.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून रिटायर झालेत आणि ऑफिसच्या टीममधून पन्नाशीपर्यंत लेदर बॉलने खेळलेत. त्यामुळे ती ओळ वाचून मी बराच वेळ तिथेच थांबले.

ठरवलं, आमच्या रविवारच्या मराठी वर्गातल्या मुलांसाठी २४ पानी पुस्तिका करायची, मराठीत, मोठा टाइप. ग्रेगरीचा जन्म १५ एप्रिल १८४५ चा, येत्या १५ एप्रिलला १८० वर्षं होतील. तोपर्यंत छापून हातात पाहिजे.

२० जानेवारी

पहिलं पान लिहिलं. जन्म फेअरी मेडो, म्हणजे वुलनगाँगजवळ. सात भाऊ, त्यातले पाच न्यू साउथ वेल्सकडून खेळले, म्हणजे घरातच जवळपास अर्धी टीम. सेंट जेम्स मॉडेल स्कूलमध्ये शिक्षण आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास लगेच हातात खातेवही. न्यू साउथ वेल्सकडून पहिली मॅच १८६६ ला, म्हणजे नोकरीला लागून पाच वर्षं झाल्यावर. उंचापुरा, छातीपर्यंत येणारी दाढी, लोक त्याला 'हँडसम डेव्ह' म्हणायचे. फोटो बघितला की कळतं, सगळी टीम एकीकडे आणि ती दाढी एकीकडे.

त्या काळातलं क्रिकेट आपल्या आताच्या डोळ्यांनी बघून चालणार नाही हे मुलांना आधीच सांगायला हवं. प्रत्येक वसाहत वेगळी, सरकार वेगळं, गव्हर्नर वेगळा, आणि सगळ्यात मोठी मॅच म्हणजे न्यू साउथ वेल्स (राजधानी सिडनी) विरुद्ध व्हिक्टोरिया (राजधानी मेलबर्न). सिडनी आणि मेलबर्नचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं. हे नीट समजलं नाही तर पुढची १८७९ ची भानगड समजणारच नाही.

२६ जानेवारी

लाँग वीकेंडचे दोन दिवस ट्रोव्ह या वेबसाइटवर गेले. तिथे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करून ठेवलीयत, मशीनने वाचलेला मजकूर बाजूला येतो आणि तो चुकला असेल तर कुणीही बसून दुरुस्त करू शकतं. मशीनला ती बारीक छपाई वाचताच येत नाही. ग्रेगरीचं 'ग्रेगोइ' झालेलं, ८ चा ३ झालेला, ० च्या जागी इंग्रजी ओ. मी एक एक ओळ मूळ चित्राशी ताडून दुरुस्त करत बसले, पहिल्या दिवशी चाळीस ओळी झाल्या, दुसऱ्या दिवशी डोळे चुरचुरायला लागले तरी शंभराच्या वर गेले. स्कोअरकार्ड दुरुस्त करताना एक युक्ती आपोआप सापडली, सगळ्यांच्या रन आणि एक्स्ट्रा मिळवायच्या आणि खालच्या टोटलशी जुळतात का बघायचं, नाही जुळल्या तर त्याच रकान्यात कुठेतरी मशीन चुकलंय. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं मग हेच तर ऑडिट."

१ फेब्रुवारी

ट्रेनने विनयार्डला उतरून ब्रिज स्ट्रीटने चालत मॅक्वारी स्ट्रीटच्या कोपऱ्यापर्यंत गेले. जुनी ट्रेझरी तिथेच, १८५१ ची, पिवळ्या वाळूच्या दगडाची. आता ती एका मोठ्या हॉटेलचा भाग आहे, दारात बॅगा घेऊन उभी माणसं. मी भिंतीला हात लावून बघितला, दगड उन्हाने तापलेला होता आणि हाताला बारीक रेती लागली. ग्रेगरी १८९७ पासून ट्रेझरीत पेमास्टर होता, अकरा वर्षं.

संध्याकाळी बाबांना विचारलं की पेमास्टर म्हणजे नक्की काय. त्यांनी अर्धा तास सांगितलं. पगारपत्रक बनलं की प्रत्येक नाव मस्टरशी, म्हणजे हजेरीपटाशी, ताडायचं, कपाती बघायच्या, व्हाउचरवर सही आहे का बघायची, मग पैसे सुटणार. चूक झाली तर कुणाचा तरी पगार अडकतो आणि तो माणूस येऊन टेबलापुढे उभा राहतो, आणि चूक झाकली तर पुढच्या वर्षी ऑडिट पॅरा, म्हणजे तपासणीत लेखी आक्षेप, निघतो. "कॅप्टन चुकला तर मॅच जाते, हा चुकला तर लोकांच्या घरात चूल पेटायची थांबते," बाबा म्हणाले. हे वाक्य मी पुस्तिकेत त्यांच्या नावाशिवाय घेणार आहे, त्यांची परवानगी घेतली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज मुद्दाम ही नोंद लिहितेय कारण ८ फेब्रुवारी १८७९ लासुद्धा शनिवारच होता. सिडनीची दंगल.

पुस्तिकेत याला चार पानं देणार आहे, कारण ग्रेगरी माणूस म्हणून कळतो तो इथे. मॅच न्यू साउथ वेल्स विरुद्ध लॉर्ड हॅरिसची इंग्लिश टीम, असोसिएशन ग्राउंडवर, म्हणजे आताचं सिडनी क्रिकेट ग्राउंड, एससीजी. न्यू साउथ वेल्सचा कॅप्टन ग्रेगरी. इंग्लिश टीमने स्वतःबरोबर मेलबर्नहून अंपायर आणला होता, जॉर्ज कुल्थार्ड, वय २२, म्हणजे सिडनीच्या पब्लिकच्या दृष्टीने व्हिक्टोरियाचा माणूस, आधीच डोक्यात राग. इंग्लंडच्या बॅटिंगला त्याने हॅरिसला विकेटकीपरच्या कॅचवर नॉटआउट दिलं होतं, त्यावरून कुरबूर सुरूच होती. इंग्लंड २६७. न्यू साउथ वेल्स १७७, त्यात बिली मर्डॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा राहून ८२ नॉटआउट. फॉलोऑन. दुसऱ्या डावात मर्डॉक १० वर असताना कुल्थार्डने त्याला रनआउट दिलं, आणि सगळं मैदान फुटलं. सट्टा जोरात चालला होता, मर्डॉक सिडनीचा लाडका, लोक कुंपणावरून उड्या मारून आत. हॅरिस कुल्थार्डला वाचवायला गेला तर त्याच्याच पाठीवर कुणीतरी काठीने मारलं, त्याच्या टीममधल्या हॉर्नबीने त्या माणसाला धरून ओढत पॅव्हेलियनकडे नेलं, त्यात हॉर्नबीचाच शर्ट फाटला.

आणि ग्रेगरी? तो बाहेर आला आणि हॅरिसला म्हणाला अंपायर बदला, नाहीतर मी बॅट्समन पाठवत नाही. हॅरिस म्हणाला बदलणार नाही. दुसरा अंपायर होता एडमंड बार्टन, तीस वर्षांचा वकील, जो पुढे १९०१ ला ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. त्याने स्वतः सांगितलं की कुल्थार्डचा निर्णय योग्य होता. बार्टन सिडनीचा होता, त्याला काय व्हिक्टोरियाचा पुळका नव्हता. तरी खेळ त्या दिवशी झालाच नाही, लोक पुन्हा पुन्हा आत येत राहिले. रविवारी पाऊस पडला, सोमवारी ओल्या पिचवर न्यू साउथ वेल्स सगळे मिळून ४९. इंग्लंड एक डाव आणि ४१ रननी जिंकलं.

मला इथे ग्रेगरीची बाजू घ्यावीशी वाटत होती आणि तीन वेळा लिहून तीन वेळा खोडलं. तो चुकला असं माझं मत झालंय. निर्णय पटला नसेल तर आक्षेप नोंदवायचा, पण मैदानात दहा हजार माणसं भडकलेली असताना कॅप्टनने अंपायर बदला म्हणणं म्हणजे त्या गर्दीला दुजोरा देणं. त्याच्या मनात आपल्या खेळाडूवर अन्याय झाला हे असणार, ते मी समजू शकते, पण त्या दिवशी शांत करायचं काम त्याचं होतं आणि ते त्याने केलं नाही. मुलांच्या पुस्तिकेत हिरोला चुकलेला दाखवायचा का, यावर खूप विचार केला. दाखवायचा.

अजून एक गोष्ट आज लक्षात आली आणि मी खुर्चीतून उठलेच. १८७७ च्या पहिल्या टेस्टमध्ये ग्रेगरी स्वतः १ वर रनआउट झाला होता, आणि टेस्ट क्रिकेटच्या इतिहासातला तो पहिला रनआउट! दोन वर्षांनी रनआउटवरूनच त्याच्यावर ही वेळ आली.

९ फेब्रुवारी

वर्गात पहिल्या टेस्टचं पान वाचून दाखवलं. मेलबर्न, १५ ते १९ मार्च १८७७. बॅनरमनने १६५ काढले आणि मग युलियटचा बॉल बोटावर लागून त्याला आत जावं लागलं, टीमचे सगळे मिळून २४५. इंग्लंड १९६. ऑस्ट्रेलिया १०४. शेवटी टॉम केंडलने ५५ रनमध्ये ७ घेतल्या, इंग्लंड १०८, ऑस्ट्रेलिया ४५ रननी जिंकली. ग्रेगरीचे स्वतःचे रन १ आणि ३.

एका अकरा वर्षांच्या मुलीने मध्येच विचारलं, "मावशी, पण तेव्हा ऑस्ट्रेलिया देशच नव्हता ना, मग तो कशाचा कॅप्टन?" मी अडखळले कारण माझ्या पानावर खरंच 'देशाचा कॅप्टन' असं लिहिलेलं होतं. तिचं बरोबर आहे. देश झाला १९०१ ला. तेव्हा ती मॅच होती सिडनी आणि मेलबर्नच्या मिळून केलेल्या अकरा जणांची लिलीव्हाइटच्या इंग्लिश टीमशी, आणि त्यातही सगळे आलेच नव्हते, फास्ट बॉलर स्पॉफर्थ रुसला कारण किपिंगला मर्डॉक न घेता ब्लॅकहॅम घेतला, आणि फ्रँक ॲलनने वॉर्नंबूलच्या जत्रेला जायचं म्हणून नाव काढून घेतलं. 'टेस्ट' म्हणून या मॅचची गणती सुद्धा नंतरची, क्लॅरन्स मूडी नावाच्या पत्रकाराने १८९४ ला यादी केली तेव्हाची. म्हणजे ग्रेगरी मैदानात उतरला तेव्हा आपण पहिल्या टेस्टचे कॅप्टन आहोत हे त्याला माहीत असणं शक्यच नव्हतं. आणि त्याला कुणी बोर्डाने नेमलेलं नव्हतं, खेळाडूंनीच मत देऊन निवडलं, व्हिक्टोरियावाल्यांनी सुद्धा. सिडनीच्या माणसाला मेलबर्नच्या मैदानावर! मला तर त्याच्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा हे मोठं वाटतं.

पान पूर्ण बदललं. 'देशाचा' काढून 'मिळून केलेल्या टीमचा' लिहिलं. त्या मुलीचे आभार शेवटच्या पानावर मानायचेत, नाव न घालता.

१६ फेब्रुवारी

१८७८ चा दौरा. हा भाग लिहिताना मजा आली त्यामुळे लांबला, कापायला लागणार.

खेळाडूंनी स्वतःचे ५०-५० पौंड घातले, म्हणजे भागीदारीचा धंदाच म्हणा ना, मॅनेजर जॉन कॉन्वे आणि कॅप्टन ग्रेगरी. मार्चअखेर सिडनीहून बोटीने सॅन फ्रान्सिस्को, तिथून रेल्वेने अख्खी अमेरिका ओलांडायची, परत बोट, मेमध्ये इंग्लंड. पहिली मॅच नॉटिंगहॅमला, बोचरी थंडी, अंगात पातळ रेशमी शर्ट, आणि डावाने हरले. तिथून एका आठवड्यात लॉर्ड्स, २७ मे. समोर एमसीसी, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लब, डब्ल्यू. जी. ग्रेस सकट. आणि मॅच एका दिवसात संपली! एमसीसी ३३, ऑस्ट्रेलिया ४१, एमसीसी १९, ऑस्ट्रेलिया १ बाद १२. ग्रेसचे ४ आणि ०. स्पॉफर्थने पहिल्या डावात ४ रन देऊन ६ घेतल्या, दुसऱ्या डावात बॉइलने ३ देऊन ६. सगळी मॅच मिळून १०५ रन आणि ३१ विकेट, हे आकडे मी पाटीवर लिहिले तर मुलांना वाटलं मी काहीतरी लिहायचं विसरले.

मिडविंटरची गोष्ट घ्यायचीच. बिली मिडविंटर ऑस्ट्रेलियन टीमबरोबर खेळत होता पण जन्म ग्लॉस्टरशरकडचा. २० जूनला लॉर्ड्सवर मॅच सुरू व्हायच्या बेतात असताना ग्रेस आला आणि तो माझा खेळाडू आहे म्हणून त्याला घोडागाडीत बसवून लंडनमधल्याच ओव्हल मैदानावर घेऊन गेला, आपल्या ग्लॉस्टरशरकडून खेळवायला. ग्रेगरीने सांगितलं, माफी मागितल्याशिवाय आम्ही ग्लॉस्टरशरशी खेळणार नाही. आणि ग्रेसने, त्या काळच्या सगळ्यात मोठ्या क्रिकेटरने, लेखी माफी मागितली. सप्टेंबरमध्ये मॅच झाली, ऑस्ट्रेलियन टीम दहा विकेटनी जिंकली. इथे मी ग्रेगरीच्या शंभर टक्के बाजूने आहे. दुसऱ्याच्या वहीतली नोंद परस्पर उचलून आपल्या वहीत लावलेली तो चालवून घेणार नव्हता, समोर कुणीही असो.

परतताना ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाला पण असंच झालं, अंपायर चुकीचे निर्णय देतोय म्हणून ग्रेगरीने टीमला मैदानाबाहेर नेलं, मॅच भरवणाऱ्यांनी चेक थांबवायची भाषा केली तेव्हा परत आले. ही घटना सिडनीच्या दंगलीच्या चार महिने आधीची. त्यामुळे पुस्तिकेत फिलाडेल्फिया आधी येऊ दे आणि मग सिडनी, वाचणाऱ्याला स्वतःलाच दिसेल की या माणसाची सवय काय होती.

२३ फेब्रुवारी

आज मला एकदम घरची आठवण येईल असं काहीतरी सापडलं. दंगलीतला लॉर्ड हॅरिस म्हणजे तोच, मुंबईचा गव्हर्नर, १८९० ते १८९५! मी शाळेपासून ऐकलेलं नाव, पण सिडनीत पाठीवर काठी खाल्लेला तो हाच हे कधी जोडलंच नव्हतं. गव्हर्नरचा पावसाळ्यातला मुक्काम पुण्याला गणेशखिंडीत असायचा, म्हणजे आताच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. मी एम.कॉम.ला असताना त्या हिरवळीवर बसून डबा खाल्लाय. ऑगस्ट १८९३ ला मुंबईत दंगल पेटली तेव्हा हॅरिस पुण्यात होता आणि मुंबईला उशिरा आला म्हणून त्याच्यावर भरपूर टीका झाली. आणि मुंबईच्या समुद्राकाठच्या जिमखान्यांपैकी हिंदू जिमखान्याला जागा मिळाली तीही त्याच्याच काळात.

अर्धं पान यासाठी ठेवलं. जास्त नको, पुस्तिका ग्रेगरीची आहे. पण हे मात्र लिहिलं की दंगलीनंतर दीडच वर्षात, सप्टेंबर १८८० ला ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली टेस्ट झाली आणि इंग्लंडचा कॅप्टन म्हणून हॅरिस खेळायला तयार झाला. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन मर्डॉक झाला होता, ज्याच्या रनआउटवरून सगळं झालं तोच.

ग्रेगरीची शेवटची टेस्ट जानेवारी १८७९ ची, दंगलीच्या आधीची. मेलबर्नला दहा विकेटनी जिंकली, स्पॉफर्थच्या १३ विकेट आणि टेस्टमधली पहिली हॅटट्रिक. तीन टेस्ट, तिन्हींत कॅप्टन, दोन जिंकल्या एक हरला, स्वतःचे एकूण ६० रन, त्यातले ४३ एकाच डावात, तेही जी टेस्ट हरले तिच्यात.

२ मार्च

घराण्याचं पान, पटकन झालं. भाऊ नेड पहिल्या टेस्टमध्ये होता, शून्यावर आउट, टेस्टमधलं पहिलं शून्य. पण एससीजीचं मैदान वर्षानुवर्षं त्यानेच सांभाळलं आणि १८९६ चा तो मोठा स्कोअरबोर्ड त्याचाच. नेडचा मुलगा सिड ५८ टेस्ट खेळला, सिडनीत १८९४ ला २०१ काढले. आणि दुसऱ्या भावाचा मुलगा जॅक, ज्याने १९२१ ला जोहान्सबर्गला ७० मिनिटांत शंभर केले. ग्रेगरी ४ ऑगस्ट १९१९ ला सिडनीतल्या तुरामुर्राला वारला आणि जॅकची पहिली टेस्ट डिसेंबर १९२० ची. या पुतण्याला टेस्ट खेळताना बघायचं राहिलंच.

१५ मार्च

नोकरीचं पान सहाव्यांदा लिहिलं. मला ते एका ओळीचं ठेवायचं नाहीये, आणि खोटं रंगवायचंही नाहीये. शेवटी असं केलं : डावीकडच्या पानावर फक्त वर्षं, १८६१, १८८३, १८९७, १९०८, मोठ्या आकड्यांत. उजवीकडे बाबांनी सांगितलेलं, पगारपत्रक कसं तपासतात ते पायरी पायरीने, नमुन्याचं एक कोरं पगारपत्रक आखून, मुलांनी स्वतः भरून टोटल जुळवायची. मैदानावरच्या माणसाचा दिवस ऑफिसात कसा जात असेल हे वाचून कळणार नाही, करून थोडं कळेल.

५ एप्रिल

प्रुफं पीडीएफ करून बाबांना पाठवली होती. त्यांनी कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली आणि हिरवं पेन घेऊन बसले. आज व्हिडिओ कॉलवर एक एक पान कॅमेऱ्यापुढे धरून दाखवलं, प्रत्येक आकड्यावर टिक. २४५ अधिक १०४, ३४९. १९६ अधिक १०८, ३०४. फरक ४५, टिक. १७७ अधिक ४९, २२६, २६७ मधून गेले, ४१, टिक.

मग नॉटिंगहॅमच्या पानावर पेन थांबलं. "हे बघ. ह्यांचे ६३ आणि ७६, झाले १३९. त्यांचे १५३. किती उरले?"

"चौदा."

"तू काय लिहिलंयस?"

मी लिहिलं होतं एक डाव आणि ४१ रननी. सिडनीचा ४१ डोक्यात बसलेला, तो तिथे उतरला. चार जणांनी वाचलं होतं, कुणालाच दिसलं नाही.

"४१ वजा १४ किती? २७. नवाने भाग जातो ना? मग समजायचं आकडे उलटे पडलेत. आम्ही कॅशबुक जुळेना की आधी हेच बघायचो," बाबा म्हणाले आणि ४१ वर आडवी रेघ मारून बाजूला १४ लिहिलं, खाली छोटी सही, आणि सहीखाली तारीख. मग पान उलटून पुढच्या आकड्याकडे वळले.

सोमवारी प्रेसला जातंय.